रेझरची बोलकी बाजू

दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांना पत्त्यांचा, तंबाखूचा नाहीतर क्रिकेटचा नाद असतो. शमिकाच्या नवऱ्याला दाढीच्या जुन्या रेझरांचा होता. शिरगावातल्या त्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. ते घरात आलं तेव्हा शमिकाला वाटलं होतं, यात आपले चिनी मातीचे कप मांडू. कप अजून माळ्यावरच होते. कपाटात स्वरूपचे रेझर होते, पितळी, निकेलचे, एक तर चक्क सोन्याचं पाणी दिलेला, आणि प्रत्येकाच्या खाली मखमलीचा तुकडा. मखमल कुठून आली हे सांगायला नको. शमिकाचं ब्लाउज शिवायचं काम त्याच खोलीत चाले.

स्वरूप वीज मंडळाच्या कचेरीत होता. रविवार आला की त्याची स्कूटर हातखंब्याला जाई. तिथे हायवेच्या कडेला एक भंगारवाला होता. तो जगाला लोखंड किलोनं विकी, पण स्वरूप दिसला की आधी चहा सांगे आणि मग गोणत्यात हात घाली. घरी आल्यावर स्वरूप जुना टूथब्रश नि चिंच घेऊन मोरीत बसे. जेवायला चार हाका माराव्या लागत.

त्याचे लाडके रेझर चार, आणि त्यांना त्यानं घरगुती नावं दिली होती. 'लठ्ठ्या' जाड दांड्याचा होता. त्याच्या गळ्याशी आकड्यांची चकती होती, ती फिरवली की ब्लेडखालची फट कमीजास्त होई. 'दंताळं' म्हणजे ज्याच्या पट्टीला सरळ दाते होते. आठवडाभर वाढलेल्या दाढीतूनही ते अडखळल्याशिवाय जाई. 'दारवाला' असा, की दांड्याचं टोक पिळलं की डोक्यावरची दोन दारं उघडायची आणि ब्लेड आत ठेवलं की आपोआप मिटायची. चौथा 'तिरपा', जर्मन, त्याचं डोकं जन्मापासूनच वाकडं.

"वाकडं नाही गो, मुद्दाम केलंय," स्वरूप सांगे. "कोयता आडवा मारलास तर फांदी नुसती सोलते. तिरका मारलास तर एका घावात खाली. तसंच आहे हे."

पाहुणे आले तरी त्यांची सुटका नसे. "चांगल्या रेझरचं मर्म काय, ठाऊक आहे?" स्वरूप विचारी आणि कुणी काही बोलायच्या आत स्वतःच सांगे, "ब्लेड घट्ट धरलं पाहिजे. ते थरथरलं की संपलं. धार बाहेर किती काढायची आणि तिच्या समोरची पट्टी किती दूर ठेवायची, सगळी गंमत यात आहे. पुढचं काम वजन करतं. हातानं दाबायचं नाहीच." पाहुणे मान डोलवत आणि चहा लवकर संपवत. शमिकाला हे सगळं ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तिनं जन्मात कधी दाढी केली नव्हती, पण परीक्षेला बसवलं असतं तर पहिल्या नंबरानं पास झाली असती.

घरात खरा रोज दाढी करणारा रेझर मात्र या कपाटाच्या बाहेर होता, पडवीच्या कोनाड्यात. तो आबांचा.

आबा म्हणजे स्वरूपचे वडील, भागोजी. सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत फिटर म्हणून काढून ते शिरगावला परत आले होते. पुढे काचबिंदूनं हळूहळू त्यांचे दोन्ही डोळे नेले. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळे. कपडे शमिका काढून ठेवी. ताटात आमटी कुठे, भाजी कुठे ते सांगावं लागे, माशातले काटे काढून द्यावे लागत. दर वेळी त्यांच्या मनाला ते लागे आणि शमिकाला ते दिसे. एकच काम आबा कुणाला करू देत नसत. सकाळी पडवीत पाट मांडून बसायचं, तांब्यात कढत पाणी घ्यायचं, ब्रशानं साबण फेसायचा आणि आरशाशिवाय स्वतःची दाढी स्वतः करायची. शेवटी गालावरून हात फिरवून ते असे उठत, की बघणाऱ्याला वाटावं, हे आता पाळीवर निघाले.

तो रेझर साधा, तीन तुकड्यांचा, इंग्लंडचा, 'टेक' नावाच्या बनावटीचा. शेजारचे मुसाचाचा तरुणपणी बोटीवर होते तेव्हा त्यांनी लिव्हरपूलहून आणून दिलेला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं स्वरूपचं इतकी वर्षं झालं होतं. हातखंब्याचं भंगार तो चाळत बसला आणि घरच्या कोनाड्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही. गेलं ते यंदा डिसेंबरात. रेझर काळा पडलेला, एका बाजूला वाकलेला, कडेला ओरखडा. त्याचा जीव कळवळला. बापाचा रेझर, आणि ही दशा!

त्यानं आबांना "जरा साफ करून देतो" एवढंच सांगितलं आणि रेझर नेला. तोवर वापरायला कपाटातलं दंताळं दिलं. वाकलेलं सरळ केलं, ओरखडा घासून काढला, मग कोल्हापूरला कुणाकडे तरी पाठवून नवा निकेलचा मुलामा चढवून आणला. संक्रांतीच्या दिवशी तिळगुळाच्या ताटलीत ठेवून त्यानं तो आबांच्या हातात दिला.

आबांनी रेझर बोटांनी चाचपला. पट्टीच्या कडेवरून अंगठा नेला, परत आणला. अंगठा तिथेच थोडा वेळ थांबला.

"कसा झालाय, आबा?" स्वरूपचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता.

"बेस झाला," आबा बोलले. "एकदम नवा."

दुसऱ्या दिवशी आबांच्या हनुवटीवर रक्ताचा ठिपका होता. तिसऱ्या दिवशी गळ्याशी दोन. "थंडीनं कातडी सुकली," असं त्यांनी सांगितलं. कोनाड्यातला तुरटीचा खडा रोज ओला दिसू लागला. आणि मग एका सोमवारी आबांनी दाढी केली नाही.

"आज सोमवार हाय," ते बोलले.

शमिकानं मान हलवली आणि कामाला लागली. पुढे संकष्टी आली. मग शनिवार आला. मग एकादशी. मग कुणाचं तरी सुतक आठवलं. कॅलेंडरातले सगळे वार आणि तिथी आबांच्या दाढीवर उलटल्या. शमिका या घरात आल्यापासून बघत होती, आबांनी अमावस्येलाही गाल गुळगुळीत केलेले. या माणसाला म्हातारपणी एकदम शास्त्र कुठून सुचलं, हे तिला कळेना.

दाढी वाढली तसे आबा कमी होत चालले. पहिल्यांदा पडवीत बसणं थांबलं. मग सकाळी उठायला उशीर होऊ लागला. एके दिवशी त्यांनी सदऱ्याची बटणं लावून मागितली. शमिकानं लावली. आजवर बटणं त्यांची ते लावत असत.

"सलूनवाल्याला घरी बोलावू का?" तिनं विचारलं.

"आजारी मानसाची दाढी लोकांनी करायची असते. मी आजारी न्हाय."

"मी करू का, आबा?" स्वरूपनं विचारलं.

"नको."

मग आली माघी चतुर्थी जवळ. दर वर्षी माघी गणपतीला आबा हेदवीला जात. देवाच्या दर्शनाला खरंच, पण त्याहून जास्त हौसाआक्कांना भेटायला. हौसाआक्का त्यांची थोरली बहीण, हेदवीलाच दिलेली, आता नव्वदीला आलेली. तिलाही अंधुकच दिसे. भाऊ दारात आला की ती आधी त्याच्या गालावरून हात फिरवी. गाल गुळगुळीत लागला म्हणजे भाऊ बरा आहे, हातपाय चालताहेत. मग ती चहा टाकी.

"यंदा मी येत न्हाय," आबांनी जेवता जेवता सांगितलं. "तुमी दोगं जावा."

"आक्काआत्या वाट बघेल, आबा."

"बगंल थोडी. मग इसरंल."

 शमिकानं हातातला घास ताटात परत ठेवला. म्हातारा माणूस असा एकेक धागा सोडायला लागला की शेवट कुठे होतो, हे तिनं आपल्या माहेरी बघितलं होतं. पण इथे कारणच सापडत नव्हतं. डॉक्टरनं तपासलं होतं. रक्तदाब ठीक, साखर ठीक, कुणी काही बोललेलं नाही. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त हा प्रश्न कुरतडत होता: दाढीच का?

दुसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालत होती, तेव्हा दगडी गडग्यापलीकडून मुसाचाचांनी हाक मारली. त्यांचं आणि आबांचं घर एका गडग्यानंच काय ते वेगळं होतं. मुसाचाचांची स्वतःची दाढी छातीपर्यंत पांढरी.

"गो शमे, भागू बरा हाय ना?"

"बरे आहेत, चाचा. का हो?"

"त्याच्या दाढीचा आवाज येत न्हाय."

शमिकाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "दाढीचा आवाज?"

"मंग काय! सकाळची नमाज पडलो की मी हितं चाय घेऊन बसतो. भागूचं तिकडं खर्र, खर्र चालतं. लांबून आयकायला येतं. मना वाटायचं, चाय त्यानंच गोड लागते." ते हसले. "संक्रांतीपासनं बंद. आदी बारीक झाला, मंग पार गेला. मी म्हनलं, भागूचा हात गेला काय?"

शमिका सकाळी त्या वेळेला आत चटणी वाटत असे. मिक्सर चालू, वर पंपाची मोटर. दाढीला आवाज असतो, हेच तिला आज कळत होतं. पण आवाजाची गोष्ट तिच्या हातातली होती. तिचं शिलाई मशीन बोलतं. सुई वाकली, तेल कमी झालं, दोरा अडकला, प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो आणि तो कापड खराब व्हायच्या आधी येतो. संक्रांतीपासून बारीक, मग बंद. संक्रांतीला काय झालं होतं, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं?

संध्याकाळी तिनं स्वरूपला सांगितलं, "उद्या सकाळी दाढी लठ्ठ्यानं करायची. मी दाराशी उभी राहणार."

स्वरूप तिच्याकडे बघतच राहिला. इतक्या वर्षांत बायकोनं पहिल्यांदा कपाटातल्या कुणाचं नाव घेतलं होतं. "खरंच तुला बघायचंय?"

"बघायचं नाही, ऐकायचंय."

सकाळी न्हाणीघराच्या दाराशी ती डोळे मिटून उभी राहिली. स्वरूपनं चकती खालच्या आकड्यावर ठेवून एक गाल केला. कानाला जेमतेम काही लागलं, पदर सरकल्यासारखं. मग तिनं चकती वरच्या आकड्यावर ठेवायला सांगितली. दुसऱ्या गालावर स्पष्ट खरखर आली.

"थांबा! हे काय झालं?"

"फट मोठी झाली. पट्टी धारेपासून लांब गेली, म्हणजे ब्लेड जास्त उघडं पडलं. केस कापताना ते वाजतं." स्वरूपला हुरूप आला. "दंताळ्याचा ऐकायचाय का? त्याचा आणखी मोठा!"

पुढच्या सकाळी दंताळं झालं, मग तिरपा झाला. तिरपा फारसा बोलत नव्हता, हळूच कापून मोकळा होत होता. दारवाला मधल्या आवाजाचा निघाला. आणि शमिकाला आणखी एक गोष्ट ऐकू आली. त्याच जागेवरून दुसऱ्यांदा हात फिरला की आवाज कमी होई, आणि केस साफ झाले की पार थांबे.

"म्हणजे डोळे मिटून सुद्धा कळेल," ती पुटपुटली, "कुठे केस राहिलेत ते."

"कळेल की. पण डोळे मिटून दाढी कोण करतं?" स्वरूप बोलला, आणि बोलता बोलता थांबला.

शमिकानं विचारलं, "आबांचा रेझर आधी कसा होता? फोटो आहे?"

फोटो होता. स्वरूप प्रत्येक रेझरचे दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे असे फोटो काढी. त्यानं मोबाइल पुढे केला. काळपट टेक, खालची पट्टी. एका बाजूची कड सरळ, दुसऱ्या बाजूची खालच्या ओठासारखी लोंबलेली. कडेला बारीक चीर.

"हे वाकलंय कशानं?"

"पडला असेल कधीतरी. एका बाजूवर."

"मग या वाकड्या बाजूला फट मोठी. लठ्ठ्याच्या वरच्या आकड्यासारखी. आणि ही सरळ बाजू खालच्या आकड्यासारखी." तिनं मोबाइल त्याच्या हातात परत दिला. "आणि तुम्ही दोन्ही सारख्या केल्यात."

स्वरूप तसाच वळला. तो पडवीत गेला, कोनाड्यातला चकचकीत रेझर घेऊन आला, ताजं ब्लेड घातलं, अजून करायच्या राहिलेल्या गालाला साबण लावला आणि डोळे घट्ट मिटून गालावर रेझर फिरवू लागला. काहीच ऐकू येईना. केस निघतोय की नुसता फेस सरकतोय, त्याला कळेना. न कळल्यामुळे त्याचा हात दाबू लागला. पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितलेलं, की हातानं दाबायचं नाहीच, ते त्याचं त्यालाच पाळता येईना. हनुवटीशी रक्त आलं. त्यानं डोळे उघडून आरशात बघितलं.

"शमे," तो बोलला, "मी काय करून ठेवलं गं?"

दोघं आबांच्या खोलीत गेले. आबा जागे होते, भिंतीकडे तोंड करून पडलेले. शमिका कॉटच्या कडेला बसली.

"आबा, तुमचा रेझर मुका झालाय ना?"

आबांनी पांघरूण सारलं. मग सावकाश वळले. पांढऱ्या दाढीत त्यांचं हसू आधी दिसलंच नाही.

"तुला कुनी सांगितलं?"

"मुसाचाचांनी. आणि लठ्ठ्यानं."

आबा उठून बसले. "तुज्या सासूच्या हातातनं पडला, धुताना, दगडावर," ते सांगू लागले. "विमला घाबरली. मी फिटर मानूस, पकड घेतली असती तर तवाच सरळ केला असता. पन म्हनलं, आदी दाढी करून बगू. तर काय! वाकडी बाजू बोलाय लागली. केस असला की खर्र करायची, साफ झालं की गप. गालाला ती. आनि सरळ बाजू मऊ, ती व्हटाला नि गळ्याला. एका रेझरात दोन रेझर. मंग कशाला सरळ करू?"

"आणि डोळे गेल्यावर?" शमिकानं विचारलं.

"तवाच तर कामाला आला. पन कुठली बाजू कुठली, ते कळंना. उलटी धरली की गळा कापायचा. तवा विमलानं माज्या पेटीतली कानस घेतली नि वाकड्या बाजूला बारीक खाच मारली. म्हनली, हितं अंगठा लावा, ही बोलकी." आबांनी अंगठा बोटावर घासला. "ती गेली, तरी सकाळी हात तितं जायचाच."

स्वरूप दाराशी उभा होता. "ती खाच..." तो पुटपुटला. "मला वाटलं, ओरखडा आहे. मीच घासून काढली, आबा. कोल्हापूरला पाठवायच्या आधी. अर्धा तास घासत होतो."

 बाहेर मुसाचाचांच्या कोंबड्या ओरडत होत्या.

"मग मला सांगितलंत का नाही?" स्वरूप एकदम रडवेला होऊन ओरडला. "इतके दिवस! एक शब्द तरी!"

"तू हौसेनं दिलास. दिल्या वस्तूला नाव ठेवू नये."

ही आबांची जुनी रीत. मुंबईहून ते पोरासाठी शर्ट आणत, तो हमखास गुडघ्यापर्यंत येई, आणि स्वरूपनं तोंड वाकडं केलं की हेच वाक्य ऐकू येई. स्वरूपनं ते सगळे शर्ट मुकाट्यानं घातले होते. आता बापानं पोराचा शर्ट घातला होता.

"जळ्ळं मेलं ते नाव ठेवणं!" शमिकाचा संताप उसळला. सासऱ्यासमोर ती असं कधी बोलली नव्हती. "दाढी सोडलीत, पडवी सोडलीत, आता बहीण सोडायला निघालात! कुणाला बरं वाटावं म्हणून? ह्यांना? बघा, किती बरं वाटतंय त्यांना!"

आबांनी खाली मान घातली. मग त्यांनी हात पुढे केला. "आन तो रेझर. आनि बाय, तुजा पोळपाट आन. नि खलबत्त्यातला बत्ता."

"आबा, मी करतो," स्वरूप पुढे झाला. "पकडीनं, मोजून, नीट..."

"तू नीटच करतोस रे," आबा बोलले. "नीट नको हाय."

त्यांनी रेझरचे तीन तुकडे सुटे केले. पोळपाट मांडीवर घेतला, खालची पट्टी त्याच्या कडेला टेकवली, कड पोळपाटाबाहेर ठेवली आणि बोटांनी जागा पक्की करून वर बत्ता हलकेच मारला. कोल्हापूरच्या नव्या मुलाम्याचा एक बारीक पापुद्रा उडाला. स्वरूपनं डोळे मिटून घेतले. आबांनी कडेवर नख लावून बघितलं, मान हलवली आणि पुन्हा एकदा मारला. मग ब्लेड घालून रेझर जोडला आणि स्वतःच्या मनगटावरच्या केसांवरून कोरडाच, अगदी हलका, एकदा फिरवला. खर्र.

"आली," आबा बोलले. त्यांचा चेहरा शमिकाला संक्रांतीपासून असा दिसला नव्हता.

"खाच?" तिनं विचारलं.

आबांनी कॉटखालची पेटी पुढे ओढली, हातानं चाचपत कानस काढली आणि दाराच्या दिशेनं धरली. "स्वरूप, तू मार."

स्वरूप खाली बसला. पट्टी त्यानं अशी धरली, जणू तापलेली होती. फोटो समोर ठेवून, जिथे आईची चीर होती तिथेच, त्यानं कानस दोनदा ओढली आणि पट्टी आबांच्या हातात दिली. आबांचा अंगठा कडेवरून गेला आणि थांबला.

"तिचा हात हलका व्हता," ते बोलले. "तुजी खोल झाली." स्वरूपचा चेहरा पडला, तो आबांना दिसायची सोय नव्हती, पण ते पुढे बोललेच. "बरं झालं. आता बोटांनाबी कमी कळतंय."

वाढलेली दाढी आधी कापायला हवी होती. घरात एक नियम सगळ्यांना ठाऊक होता: शमिकाच्या कापडाच्या कात्रीला हात लावायचा नाही. कागद नाही, दोरी नाही, नख तर नाहीच. शमिका उठली आणि तीच कात्री घेऊन आली. आबांनी ती धार बोटावर बघून ओळखली आणि जपून घेतली. दाढी बारीक कापून झाल्यावर उरलेल्या खुंटांसाठी स्वरूपनं कपाट उघडून पुन्हा दंताळं काढून दिलं. "ह्योबी बरा बोलतो," आबांनी दाखला दिला. "पन वजनाला हलका."

खरी दाढी दुसऱ्या दिवशी, चतुर्थीच्या सकाळी झाली. हेदवीला जायला जयगडची फेरीबोट गाठायची म्हणून शमिका अंधारातच उठली होती. पडवीत आबांनी पाट मांडला, तांब्या ठेवला, साबण फेसला. अंगठ्यानं खाच शोधली, ती बाजू गालाला लावली आणि हात सोडला.

खर्र. खर्र. मग गप. बोटभर सरकवून पुन्हा खर्र. स्वरूप उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. त्याच्या हातात त्याचा पॉलिशचा फडका होता. तो त्यानं कशासाठी घेतला होता, ते त्यालाही आठवत नव्हतं.

गडग्यापलीकडे बशी वाजली.

"भागू!" मुसाचाचांचा आवाज आला. "येवडे दिवस झोपला व्हतास काय रे?"

"गप चाय पी!" आबा फेसातून ओरडले. "मला येळ न्हाय. हेदवीला जायचंय, आक्का वाट बगते!"

आत शमिकाचा हात मिक्सरच्या बटणावर होता. तिनं तो मागे घेतला. चटणी थोडी थांबली तरी चालणार होतं.